घंटेनंतरचा मेसेज

कुणी गेल्याची खबर आली, की पास्कूमामा आधी सदरा बदलायचा आणि मगच मोबाईल हातात घ्यायचा. केळीच्या वाडीत उघड्या अंगाने उभं राहून मेलेल्या माणसाबद्दल लिहायचं नाही, हा त्याचा नेम. पूर्वी तो सायकलवरून दारोदार सांगावा द्यायचा. गुडघे गेल्यावर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि आळीतली झाडून सगळी घरं त्यात घेतली. चर्चची घंटा संथ वाजू लागली की आम्ही मोबाईल उघडायचो. मामाचा मेसेज आलेला असायचाच.

नाव, मातीची वेळ आणि खाली गेलेल्याबद्दल एक चांगली ओळ. ती ओळ शोधताना बिचारा घामाघूम व्हायचा. भांडकुदळ बस्त्याव गेला तेव्हा मी म्हटलं, "मामा, आता काय लिहिणार, कपाळ?" त्याने लिहिलं, 'भांडायचा, पण दारात येऊन. पाठीमागे कधी बोलला नाही.' बस्त्यावशी अबोला धरलेलेसुद्धा मातीला आले. मामा म्हणायचा, "मातीला गर्दी पाहिजे गे बाय. त्या दिवशी तरी माणूस नकोसा होता असं दिसू नये."

मग महापालिकेची निवडणूक आली आणि मामाचा भाचा उभा राहिला. मामाने प्रेमापोटी स्वतःच्या फोटोच्या जागी भाच्याच्या पक्षाचं चिन्ह लावलं. झालं! त्याच आठवड्यात नातालबाय गेली. मामाने लिहिलं, 'हिच्या विहिरीवरून कुणी रिकामा हंडा घेऊन परतलं नाही.' खाली पहिलं उत्तर तिच्याच मुलाचं: 'त्या चिन्हाखाली माझ्या आईचं नाव नको.' दुसऱ्याने लिहिलं, 'त्यांच्या माणसांना लांब ओळ, आमच्यांना आखूड.' लोक जुने मेसेज उकरून त्यांत पक्ष शोधू लागले. अरे, मेलेल्या बस्त्यावलासुद्धा सोडलं नाही!

मामाने चिन्ह काढून केळफुलाचा फोटो लावला. पण हळदीचा डाग असा जातो होय? तो कुणाला मत देतो हे ठाऊक नव्हतं, तोवर त्याची ओळ सगळ्यांची होती. कळलं, आणि त्याचं 'चिरशांती'सुद्धा प्रचार ठरलं. ग्रुप फुटला, त्याचे दोन झाले. चिन्ह लावलं म्हणून तो इकडच्यांना नको होता, काढलं म्हणून तिकडच्यांना.

मग त्याने परत सायकल काढली. दुखरे गुडघे घेऊन दारोदार फिरला. एका घरातून आतूनच आवाज आला, "कुणाच्यातला मेला?" मामा तसाच माझ्या ओट्यावर येऊन बसला. पाणी दिलं, त्याने तांब्याला हात लावला नाही. "बाय, आधी विचारायचे, कोण गेलं," एवढंच म्हणाला. ती सायकल पुन्हा बाहेर आली नाही. मला त्या दिवशी आळीची शिसारी आली, आजही येते.

आणि एका सकाळी घंटा वाजली. सवयीने मोबाईल उघडला, तर काहीच नाही. मग दोन्ही ग्रुपवर एकच प्रश्न येऊ लागला, 'कोण?' कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चर्चकडे धावले. फादर म्हणाले, "आपला पास्कू."

घरी येऊन मी साडी बदलली आणि मग मोबाईल घेतला. लिहिलं, 'याने आळीतल्या कुणालाही एकट्याने मातीला जाऊ दिलं नाही.' ओळ दोन्हीकडे टाकली. दोन्हीकडून विचारणा झाली, 'तिकडेही टाकलीस का?'

शवपेटी उचलायला भाचा होता. बाकीची माणसं आळीबाहेरून, निर्मळ गावाहून बोलवावी लागली.