गाठवालीच्या तीन खुणा

कवळीवाल्याला आपल्या गिऱ्हाइकांचे चेहरे कधी दिसत नसत. दातांच्या डॉक्टरांकडून डब्यांतून ठसे येत. ठशात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, घासून चकाकवायचे आणि हसायला तयार झालेली कवळी परत डब्यात घालून धाडायची. जन्म असा लोकांच्या तोंडात गेला, पण माणूस कुणाच्या तोंडी लागणारा नव्हता. तळघरातल्या त्या कार्यशाळेत एक लांब बाकडं, गॅसची छोटी बत्ती आणि भिंतभर फळ्यांवर ओळीनं मांडलेले जबडे. नवा माणूस आत आला की दचकायचाच. मग कवळीवाला त्याला धीर द्यायचा, की घाबरू नका, यातला एकही अजून माझ्याशी भांडलेला नाही. लग्नाचं विचारलं की सांगायचा, दुसऱ्यांचे दात बसवता बसवता आपले पडायची वेळ आली, आता कोण कुणाला चावणार.

असा हा पन्नाशीकडे झुकलेला, प्लास्टरनं कोपरापर्यंत पांढरा झालेला मामुली माणूस जेवण उरकून कॉम्प्युटरपुढे बसला, की थेट समुद्रावर जायचा.

खेळ चाच्यांचा होता. ठिकठिकाणची माणसं इंटरनेटवरून एका गलबतावर जमायची आणि जे काही घडायचं ते लिहून घडायचं. एकानं लिहायचं की धुक्यातून सात डोक्यांचा मासा वर आला, दुसऱ्यानं लिहायचं की मी भाला उचलला, तिसरा तेवढ्यात दारूच्या पिंपात लपलेला असायचा. कवळीवाला तिथला एकडोळ्या कप्तान. कप्तानाचा कंटाळा आला की तोच लाटांशी भांडणारी चेटकीण व्हायचा. मध्यंतरी कप्तानाचा शिवराळ पोपटही तोच होता, आणि खरं सांगायचं तर गलबतावर कप्तानापेक्षा पोपटाला मान जास्त होता.

गलबताचे कायदे दोनच. नवं पात्र चढवायचं तर त्याच्या तीन खुणा सांगायच्या: एक अंगावरची, एक भीतीची, एक सवयीची. आणि दुसरा कायदा, मुखवट्यामागे हात घालायचा नाही. समोरचा कोण, कुठला, बाई की बाप्या, कुणी विचारायचं नाही. विचारलं की समुद्रात.

पात्रं घडवण्यात कवळीवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नवशिके खुणा हवेतून काढत, आणि आठवड्याभरात स्वतःच विसरून जात. कवळीवाल्याचं म्हणणं, ठसा खरा पाहिजे. ठशाशिवाय केलेली कवळी पहिल्याच घासाला ताटात पडते. म्हणून पोपटाच्या शिव्या कार्यशाळेच्या मालकाच्या होत्या, चेटकिणीचा खोकला वरच्या मजल्यावरच्या बाईचा, आणि कप्तानाचा राग त्याच्या स्वतःच्या बापाचा.

त्याची धाकटी बहीण एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. ओठ सुजलेला, पुढचा दात अर्धा. म्हणाली, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागलं. कवळीवाल्यानं जन्मभर तुटके दात पाहिलेले. दारानं तुटलेला दात कसा असतो ते त्याला ठाऊक होतं, आणि हा तसा नव्हता. त्यानं तिला आत घेतलं. पाणी दिलं, ठसा घेतला आणि आपल्या हातानं तिचा दात केला. घाईत रंग चुकला, शेजारच्यापेक्षा जरा पिवळा झाला. बदलून देतो म्हणाला तर ती नको म्हणाली. असू दे, लक्षात राहील.

तक्रार केली तेव्हा पोलीस ठाण्यात तिच्या नवऱ्यानं, म्हणजे मेहुण्यानंही कपाटाच्या दाराचंच सांगितलं, शब्दाला शब्द तेच, आणि इतक्या मऊ आवाजात की फौजदारानं त्याच्यासाठी चहा मागवला आणि बहिणीला चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्या. बाहेर पडताना मेहुणा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, जाशील तिथून घेऊन येईन. त्याच आठवड्यात भावाबहिणीनं शहर सोडलं. फोन बदलले, नातेवाइकांना थांगपत्ता लागू दिला नाही. कवळीवाल्यानं बरोबर घेतलं ते काय, अवजारांची पेटी, आणि गलबत. गलबताचं भय त्याला वाटलंच नाही. समुद्राला कुठे पत्ता असतो?

नव्या शहरात त्याला पुन्हा तळघर मिळालं, आणि बहिणीला कालव्याकाठच्या धुलाईशाळेत काम. तिथे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुवायला यायच्या. वाफेत दिवसभर चादरी ओढून ओढून तिचे हात लाल व्हायचे. घरात ती सावलीसारखी वावरायची. झोपताना दाराला खुर्ची लावायची आणि खुर्चीवर स्टीलचं पातेलं ठेवायची, ढकललं की पडावं म्हणून. जिन्यात कुणाची पावलं थांबली की तिचा घास हातातल्या हातात राहायचा. कवळीवाला बघायचा आणि आतल्या आत तुटायचा. माणसाच्या मनाला काय मेण लावून बसवणार?

म्हणून त्यानं गाठवाली घडवली. गलबतावर दोरखंडांच्या गाठी मारणारी बाई. अंगावरची खूण, एक दात वेगळ्या रंगाचा. भीती, दाराबाहेर थांबलेल्या पावलांची. सवय, दाराशी खुर्ची आणि खुर्चीवर भांडं. मात्र ही गाठवाली दणकून हसायची, शिवी हासडायची, आणि आडव्या आलेल्या गड्याला डोलकाठीवर उलटा टांगून खाली बसून सफरचंद खायची. कवळीवाला बहिणीला वाचून दाखवायचा. आधी ती रागावली, म्हणाली माझी चव्हाट्यावर मापं काढतोस का रे. मग एके दिवशी, टांगलेल्या गड्याच्या खिशातून जिवंत खेकडा पडला तेव्हा, ती हसली. पिवळा दात दिसेपर्यंत हसली. त्या हसण्यानं कवळीवाला पुरता वाहवला.

गाठवालीला उतरायला बंदर हवं. ठसा खरा पाहिजे हे तर ठरलेलंच, मग त्यानं हेच शहर घेतलं. तीन कमानींचा पूल, काचेच्या छपराचा बाजार, बाजाराच्या तोंडाशी फळवालीनं बांधलेला, येणाऱ्याजाणाऱ्यावर फुत्कारणारा हंस. आणि पुलाखाली शिडं धुवायची शाळा, साबणाच्या वासाची, जिथे गलबत बंदराला लागलं की गाठवाली संध्याकाळची शिडं झटकायला जायची.

याच सुमाराला गलबतावर एक खानसामा चढला. बोळक्या तोंडाचा म्हातारा, एक पाय अधू, भीती उंदरांची, सवय कुणी उपाशी नाही ना ते पाहायची. सगळ्यांना हवाहवासा. कुणाला ताप आला की रस्सा, कुणी रुसला की समजूत. गाठवालीवर त्याचा विशेष जीव. तिला 'पोरी' म्हणायचा, तिच्या वाटचं जेवण झाकून ठेवायचा, आणि हळूच विचारायचा, की पोरी, त्या हंसाला दाणे कोण घालतं? धुलाईशाळेतून तू सुटतेस केव्हा? पुलावरून जातेस की पुलाखालून? कवळीवाला भरभरून सांगायचा. आपल्या बहिणीची इतक्या मायेनं कुणी चौकशी करतंय, भले खोट्या समुद्रावर का होईना, याचंच त्याला बरं वाटायचं. बहिणीलाही तो म्हातारा आवडला होता. असा सासरा मिळाला असता तर, असं ती एकदा बोलून गेली.

एका सुट्टीच्या दुपारी ती वाटाणे सोलत बसली होती आणि कवळीवाला आदल्या दिवशीचा प्रसंग वाचून दाखवत होता. एका खलाशानं पाव चोरला होता आणि खानसाम्यानं त्याला पकडलं होतं. खानसाम्यानं सदऱ्याच्या बाहीला नीट, सुरकुती न पडता, दोन घड्या घातल्या. बोटातली अंगठी काढून मिठाच्या वाटीत ठेवली, खराब होऊ नये म्हणून. मग म्हणाला, 'आपण शांतपणे बोलतोय ना?'

वाटाणे सोलायचा आवाज थांबला.

"दादा, हे परत वाच."

त्यानं परत वाचलं. ती उठली, तिनं खिडकी लावून घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाहीच्या घड्या आणि ती अंगठी तिनं कितीदा पाहिली होती हे तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. तो दुसऱ्याच आठवणीनं गार पडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मेहुणा सुट्टीला आला होता. वेळ जाईना म्हणून त्यानं हा खेळ काय असतो असं विचारलं, आणि कवळीवाल्यानंच त्याला शेजारी खुर्ची देऊन शिकवला होता. तीन खुणा कशा द्यायच्या, ठसा कसा खरा घ्यायचा, सगळं. मेहुणा तेव्हा जांभया देत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

तरी त्यानं मन घट्ट करून म्हटलं, योगायोग असेल. जगात बाह्या काय एकटाच दुमडतो? बहीण म्हणाली, मग विचार त्याला. गाठवालीचा दात कसा तुटला ते विचार. ती गोष्ट गलबतावर कधी कुणी लिहिलेली नव्हती. वेगळ्या रंगाचा दात, एवढंच काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कवळीवाल्यानं गाठवालीच्या तोंडून थट्टेत विचारलं, की म्हाताऱ्या, एवढा शहाणा आहेस, तर माझा दात कशानं गेला ओळख.  मग उत्तर आलं.

'कपाटाचं दार लागून. असंच सांगतेस ना सगळ्यांना, पोरी?'

आणि त्याखाली आणखी एक ओळ. 'उद्या मी गलबतावरून उतरतो. काचेच्या छपराचा बाजार फार सुरेख आहे म्हणे.'

 खालच्या रस्त्यावर एक गाडी थांबली, पुढे गेली. कवळीवाला घाईघाईनं बोलू लागला, की पेटी बांधू, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघू, नाहीतर इथल्या पोलिसांकडे जाऊ. बहीण ऐकून घेत होती. पोलिसांचं ऐकून ती नुसतं हसली.

"आणि पळून कुठे जायचं? तू तिथेही गलबत घेऊनच येशील."

हे त्याला लागलं. लागायलाच हवं होतं. तो खाली मान घालून बसला. बहिणीनं वाटाण्यांची टरफलं गोळा केली, हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्या खेळापुढे ती पहिल्यांदाच बसत होती.

"त्यानं हे शहर पाहिलेलं नाही, दादा. त्याला ठाऊक आहे ते तू लिहिलेलं शहर. तू लिहिशील तिथून तो चालेल."

मग तिनं धुलाईशाळेचं सांगितलं. वरच्या मजल्यावर वाळवणाचं मोठं दालन आहे, ओल्या चादरी छतापासून लोंबत असतात, वाफेत हातभर पुढचं दिसत नाही. दालनाच्या टोकाला एक निळं दार. कालव्यातून होडीनं गाठोडी येतात, ती कप्पीच्या दोरानं वर ओढून त्या दारातून आत घेतात. दाराबाहेर सज्जा नाही, कठडा नाही. खाली दगडी धक्का आणि पाणी. गाठोडी चढवून झाली की दाराला कडी लावतात. उद्या संध्याकाळच्या पाळीला ती कडी तिच्या हातात होती.

कवळीवाल्याला कळलं आणि कळू नये असं वाटलं. 

"अगं, माणूस आहे तो."

"हो," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. हा आवाज त्यानं ऐकलेला होता, नव्हे, त्यानंच तो लिहिला होता. असल्याच आवाजात गाठवाली गड्यांना टांगायची आणि खाली बसून सफरचंद खायची. ही बाई आपण बहिणीवरून घेतली, की बहिणीनं आपल्याकडून घेतली, याचा त्याला उलगडा होईना. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. आपल्याला उशीर झाला तर तो बाजारातून सरळ इकडे येईल, घर शोधेल, जिन्यात उभा राहील, असं ती म्हणाली. मग तुझ्या गाठवालीचं काय करायचं ते कर, मी मात्र संपलेली असेन.

त्यानं बोटं पुढे केली. गाठवालीनं खानसाम्याला लिहिलं, की उतरलास तर धुलाईशाळेत ये, मी संध्याकाळी एकटीच असते. वरच्या मजल्यावर चादरींच्या मागे निळं दार आहे. बाहेर... इथे त्याचा हात अडला. आजवर त्यानं राक्षसी मासे लिहिले, बोलके समुद्र लिहिले, पण त्या प्रत्येकाखाली काहीतरी खरं होतं, कुणाचा खोकला, कुणाची शिवी. ठशाशिवाय काहीच केलं नव्हतं. बहिणीनं त्याला घाई केली नाही. ती नुसती बसून राहिली, मांडीवर लाल हात ठेवून.

'बाहेर जिना आहे,' त्यानं लिहिलं. 'मी तिथे बसलेली असेन.'

आणि पाठवून दिलं.

खिडकीच्या काचेवर ऊन उतरत होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, तो वाहत राहिला. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि कवळीवाल्याच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली, की म्हाताऱ्याला संशय आला असेल, तो येणार नाही, कधीच येणार नाही. मग पडद्यावर अक्षरं उमटली, नेहमीसारखी मऊ, मायाळू.

'येतो, पोरी. पण वाफेत मला काही दिसायचं नाही. जिना दाराच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगून ठेव, म्हातारा पाय अडखळून पडायचा.'

कवळीवाल्यानं बहिणीकडे पाहिलं. ती क्षणभर विचारात पडली, एखादी गाठ कुठून मारावी असा विचार करावा तशी.

"उजवीकडे सांग," ती म्हणाली.

त्यानं उजवीकडे लिहिलं.