चुन्याखालची नावं

ओल्या चुन्याचा वास आला की कासूजवळच्या आमच्या गावातली ती सकाळ आठवते. रस्ता रुंद करायला जेसीबी आला होता आणि नाक्यावरचा, वर्षानुवर्षं चुना फासलेला दगड उखडणार होता. मिठागरात राबलेली शेजारची म्हातारी काकी आडवी उभी राहिली. "माझा आजा लढाईत मेला, त्याचा दगड हाय ह्यो!" लोक हसले. मी पाणी ओतून विळ्याने चुना खरवडू लागले. आधी गावाचं नाव निघालं, मग 'महायुद्ध', मग माणसांची नावं! मी मोठ्याने वाचत गेले. शेवटच्या नावाला काकी ओरडली, "तोच गो, माझा आजा! परत वाच!" आता सगळे वाकून वाचत होते. ड्रायव्हरने मशीन बंद केलं, चपला काढून हात जोडले. आज रस्ता त्या दगडाला वळसा घालून जातो, आणि मी तिथे हटकून गाडी थांबवते.