चार शिंगांची डबल छाप

पांडेसऱ्यातल्या छपाईच्या एका कारखान्यात धुडकू पाटील तीस वर्षे कापड तपासतात. साक्रीकडून आलेल्या या गृहस्थांनी मारलेली फुली आजवर कधी पुसावी लागली नाही, अशी ख्याती आहे. आणि ती पसरवण्याचे कामही मुख्यतः तेच करतात.

त्या सकाळी नव्या नक्षीचा ताका टेबलावर उलगडला आणि पहिल्याच ओळीवर त्यांचा खडू थबकला. ओळीतल्या प्रत्येक हरणाला चार शिंगे होती. छपाईची जाळी हलली की आकृती दुहेरी उमटते. कारखान्यात तिला ‘डबल छाप’ म्हणतात. धुडकूंनी ठसठशीत फुली मारली.

नक्षी कारखान्यातल्या नव्या चित्रकार गायत्रीची, आयुष्यातली पहिलीच. ताका बाद म्हणजे नक्षी बाद. ती धावतच आली.

“आबा, फुली पुसा! तो चौशिंगा आहे.”

“चार शिंगं? हाई हरीन शे का उलटी पडेल खाट?”

“असतो हो जंगलात! त्याच्या वंशात तो एकटाच उरलाय. जवळचं नातं म्हणाल तर नीलगाईशी. बाकीचे भाऊबंद लाखो वर्षांपूर्वीच संपले. काहींची हाडं पिरम बेटावर दगड होऊन सापडली.”

“म्हंजे वरना चेकरनी पुरा लॉट बाद कया, नि हाऊ एकच ताका पास?”

“तसंच समजा. आता तुम्ही तरी बाद करू नका.”

धुडकूंनी भिंग लावले. डबल छाप असती तर डोळाही दुहेरी उमटता. तो तर एकच होता. शिवाय पुढची शिंगे आखूड, मागची लांब. हललेली जाळी असा भेदभाव करीत नाही. मग खांद्यावरचा गमछा ओढून त्यांनी फुली पुसली.

“तीस वरीसमा पहिलीच. कोनले सांगू नको.”

ताका पुढे सरकला. दुसऱ्या ओळीतल्या हरणांना शिंगेच नव्हती. खडू पुन्हा उचलला गेला.

“आबा! त्या माद्या आहेत. त्यांना शिंगं नसतात.”

खडू हवेतच राहिला.

“तिना वाटाना शिंगं बी यानीच लई लिन्हात!” असे पुटपुटत धुडकूंनी ‘पास’चा शिक्का उमटवला.

दुपारच्या चहापर्यंत कारखानाभर झाले : दुसरा कोणी असता तर डबल छाप म्हणून बाद करता, पण धुडकूंनी पहिल्याच नजरेत चौशिंगा ओळखला. गायत्रीने कपात तोंड लपवले आणि मान डोलावली.