बघून ये मामा

शाळेच्या शिपायाला मुलं 'बघून ये मामा' म्हणायची. नाव काही उगाच पडलं नव्हतं. मामा, मुंग्या झोपतात का? जा, बघून ये. गोगलगाय भिंतीवरून पडत कशी नाही? जा, बघून ये. उत्तर माहीत असलं तरी हा बाबा सांगेल तर शपथ! शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, त्याने लावलेलं कागदी लिंबाचं झुडूप होतं. मधल्या सुट्टीत पोरांची सगळी झुंबड तिथे. काटे टोचायचे, शर्ट फाटायचे, पण हटायचं कोणी नाही.

त्यातली तिसरीतली एक मुलगी. प्रश्न विचारून विचारून डोकं खायची म्हणून वर्गात तिला भुणभुण म्हणत. तिने झुडपावर एक सुरवंट हेरला आणि रोज त्याच्यापाशी फतकल मारून बसू लागली. एके दिवशी सुरवंटाने कात टाकली आणि मागे वळून ती कात चक्क खाऊन टाकली. मामाही शेजारीच उकिडवा बसला होता. दोघांनीही श्वास रोखून धरला होता.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला, सुरवंट काय खातो? पुस्तकात उत्तर एका शब्दाचं, पाने. भुणभुणने चार ओळी लिहिल्या, कातीसकट. बाईंनी लाल फुली मारली. पोरगी भर वर्गात उठून म्हणाली, "पण बाई, मी पाहिलंय. मामांनीपण पाहिलंय."

झालं! शिपायाचं नाव निघालं आणि बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. प्रकरण मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेलं. टेबलाच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मुलगी, दारात मामा.

"मामा, शाळेत शिकवायला तुम्हाला ठेवलंय की बाईंना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"बाईंना."

"मग खरं सांगा. असं काही पाहिलंत तुम्ही?"

मामाची नोकरी हंगामी. दरवर्षी याच टेबलावर सही व्हायची, तेव्हा पुढचं वर्ष मिळायचं. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. अहो, 'हो, पाहिलं' एवढे दोन शब्द तर बोलायचे होते. पण माणसाला पोट असतं, आणि ते नेमकं अशा वेळी आडवं येतं.

"नाही," मामा म्हणाला. "पोरं काय, काहीही बोलतात."

मुलगी रडली नाही. तिने त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. त्यानेच शिकवलं होतं तसं, पापणी न हलवता. मग बाईंची माफी मागून ती वर्गात गेली.

चार दिवसांनी हुकूम निघाला की झुडूप काढा, मुलांना काटे लागतात. काढणार कोण? शिपाईच. ज्या हातांनी पाणी घातलं त्याच हातांनी त्याने कुऱ्हाड चालवली. एका फांदीला कोश लटकलेला होता. ती फांदी तो पिशवीत घालून घरी घेऊन गेला.

"हे आता कशाला?" बायकोने अंथरुणातून विचारलं. त्याने फांदी खिडकीच्या गजात खोचून ठेवली. स्वतःचीच त्याला किळस आली होती.

झुडपाच्या जागी फरशी बसली. मधल्या सुट्टीत तिथे कुणी फिरकेना. मामाच्या नोकरीची सही वेळेवर झाली.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला. पेपर मिळाले त्या दिवशी भुणभुण घंटेपाशी आली. कितीतरी महिन्यांनी आली होती. मामाला भरून आलं.

"मामा, या वेळी बरोबर आलं."

"काय लिहिलंस?"

"पानं."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि कात गं?"

"तुम्ही नव्हती ना पाहिली?" ती पेपराची घडी घालत म्हणाली. "मग मीपण नव्हती पाहिली."

ती गेली. तास संपला होता. मामाने घंटा दिली.