टाकीवरची सीट

गेवराईत जुन्या मोटारसायकली घेणारा-विकणारा हा माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही. अंगठीनं टाकी ठोकतो अन् नाक मुरडतो. माझी गाडी त्याच्याकडं विकायला नेली. लेकीसाठी मी तिच्या टाकीवर छोटी सीट बसवून घेतलती. ती बघून म्हणाला, "असला कचरा काहून जोडला बे?" लेक आता मोठी झालेली, मुकाट्यानं गाडी पडत्या भावात दिली.

आठवड्यानं तिथूनच चाललो होतो. तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "माझ्या नातीसाठी बसवलती ही सीट. लई जीव हाय हिच्यात." माझं डोकंच फिरलं. तरातरा आत गेलो. गडी लाजलासुद्धा नाही.

"या, या! तुमीच सांगा, गाडी कशी हाय?"

त्या दिवशीचा 'बे' आज 'तुमी' झाला होता. शिवी ओठांवर आलती. पण गिऱ्हाइकाची पोरगी त्या सीटवर बसून, हँडल धरून, तोंडानं घुर्रर्र करत होती.

"चांगली हाय," मी दात खात म्हणालो.