चिपर की पंजा

"झाड कुनीबी पाडंल, उचलून न्यायला मानूस लागतो," असं इलाही शिकलगार एकदा म्हणाला होता.

आष्ट्यात कुणाच्या गोठ्यावर बाभळ कलंडली, विजेच्या तारेत निलगिरी घुसली, की लोक इलाहीला बोलावतात. तो येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो, सालीवर तळहात ठेवतो आणि बोलायला लागतो. काम संपेपर्यंत बोलत राहतो. झाडाशी, मालकाशी, मालकाच्या म्हशीशीसुद्धा. पाडणं हे करवतीचं काम, त्यात त्याला फारशी गोडी नाही. खरा इलाही दिसायचा तो ओंडका उचलताना. उजव्या खांद्यावर पोत्याची घडी, गुडघे किंचित वाकलेले, तोंडात अर्धं राहिलेलं वाक्य. ओंडका ट्रॉलीत धाडकन पडला की वाक्याचा उरलेला भाग बाहेर पडायचा. बघणारे त्यासाठी थांबायचे.

पन्नाशी उलटल्यावर त्यानं छोटा ट्रॅक्टर घेतला. बोळातून सहज आत शिरणारा, परसात वळणारा. त्याला ट्रॉली जोडली आणि धंदा वाढला. पण गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. ओंडके तू नेतोस, फांद्यांचा पसारा मात्र आमच्या दारात तसाच. तक्रार खरी होती. म्हणून इलाही एक दिवस यासीनला घेऊन साताऱ्याला गेला, चिपर बघायला.

यासीन मणेर हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. आष्ट्याच्या रस्त्यालाच त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरला लागणारी अवजारं तो बनवतो, बसवतो, आणि कुणी चुकीचं अवजार मागितलं तर नाहीही म्हणतो.

साताऱ्याच्या दुकानदारानं मागच्या अंगणात चिपर चालू करून दाखवला. ट्रॅक्टरच्या पाठीला जोडायचा, इंजिनाच्याच जोरावर फिरवायचा. एका तोंडात फांदी घालायची, दुसऱ्या तोंडातून ढलप्या. इलाहीनं सुबाभळीची एक फांदी आत सरकवली. फांदी गेली. जिथं ती होती तिथं नुसती हवा राहिली, आणि पलीकडं ओल्या लाकडाचा वास येणारा लहानसा ढीग. इलाहीनं तो ढीग मुठीत घेऊन हुंगला. परतताना एसटीत तो कराडपर्यंत त्या ढिगाबद्दलच बोलत होता. झाडांच्या आळ्यात घाला, कोंबड्यांखाली पसरा, काय वाटेल ते करा.

यासीननं त्याला वाटेत समजावून बघितलं. त्याचं म्हणणं, आधी लोडर घे. ट्रॅक्टरच्या पुढं दोन लोखंडी हात, त्यांच्या टोकाला पंजा. ओंडका धरायचा, उचलायचा, ट्रॉलीत ठेवायचा. फांद्या काय, आज ना उद्या कुणीही नेतं जळणाला. इलाही हसला. लोडर म्हाताऱ्यांसाठी असतो, म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

सलिमानं, त्याच्या बायकोनं, चिपर हा शब्द ऐकला तो चिपाड असाच. ऊस खाऊन चिपाड पडतंच की, त्याला यंत्र कशाला, असं तिनं विचारलं. इलाहीनं हा विनोद पानटपरीवर सांगितला. तिथून निघाला तेव्हा तो विनोद होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचला तेव्हा बातमी झाला होता. दुसऱ्या दिवशी अर्जुना नावाचा एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला. इलाहीचं गुऱ्हाळ कवा सुरू हुतंय, आणि काकवी घरपोच मिळंल का, एवढंच त्याला हवं होतं. इलाहीनं त्याला चहा पाजला आणि काकवीचं आश्वासनही देऊन टाकलं.

या सगळ्या हसण्याच्या आत एक गोष्ट होती, ती इलाही कुणाला सांगत नव्हता. पावसाळ्यात चिंचेचा एक ओंडका निसटला होता आणि त्याला धरताना उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून तो ओंडके उचलत नव्हता. ट्रॉलीला फळ्या टेकवून वर लोटत होता, आणि विचारलं तर म्हणत होता, यात गंमत जास्त आहे. चिपरला खांदा लागत नाही, फांद्या हलक्या असतात. लोडर दारात आणून उभा करणं म्हणजे खांदा गेला असं साऱ्या आष्ट्याला सांगणं. पण लोटलेला ओंडका कधी उलटा येईल याचा नेम नसतो. आणि खाली उभा असतो तो एकच हात धड असलेला माणूस.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर दोघं मशिदीतून थेट वर्कशॉपवर आले. चिपर घ्यायच्या आधी त्याच्या जोडणीचं ठरवायचं होतं. चिपाडाचं यंत्र असतं तरी कसं, ते ऐकायला सलिमाही आली होती. इलाही रंगात होता. साताऱ्याच्या दुकानदाराची नक्कल चालली होती. यासीन खडू घेऊन फरशीवर जोडणीचं चित्र काढायला वाकला आणि मान वर न करता बोलला.

"गड्या, आज तकबीरला तुजा हात कानापतुर आलाच न्हाई. मी शेजारीच हुतो. खांद्याला थांबला. बायकांगत."

नमाज सुरू करताना तकबीर म्हणत पुरुष दोन्ही हात कानांपर्यंत नेतात, बायका खांद्यांपर्यंत. टोमणा साधाच होता. इलाही हसून घेणार, तोवर सलिमा बोलली.

"बायकांचा तरी खांद्यापतुर जातो, यासीनभाई. ह्येंचा तितंबी नीट जात न्हाई. पावसाळ्यापास्नं सदरा मी चढवतीय अंगात."

यासीननं खडू खाली ठेवला.

"मनातली निय्यत पोचली की झालं," इलाही म्हणाला.

"निय्यत पोचती रं," यासीन म्हणाला. "वखारीत वंडकाच पोचवाया लागतो."

इलाहीला हसू आलं, ते त्यानं दाबलं. मग सलिमानं जे सांगितलं ते आवाज न चढवता. तुमी फळीवरनं लोटताय ते मला ठावं हाय, ती म्हणाली. रोज ट्रॉलीचा आवाज येईस्तोवर माझं लक्ष रस्त्याकडं असतं. आधी पंजा घ्या. चिपर मागनं घ्या, चिपाड घ्या, अर्जुनाला काकवी द्या, काय बी करा.

यासीन समजुतीच्या सुरात तांत्रिक अडचणींकडं वळला. ते बरंच झालं, कारण त्यामुळं कुणालाच कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही. छोट्या ट्रॅक्टरनं पुढं ओंडका उचलला की मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागं वजन हवं. तूर्त सिमेंट भरलेलं पिंप लावू, पुढं त्याच जागी चिपर बसेल आणि तेच वजन होईल. पुढं बकेट, म्हणजे मातीचं खोरं, नको, त्यात ओंडका लोळतो. पंजा धरून ठेवतो. फक्त पुढच्या चाकांच्या दांड्याला भार पेलेल का, ते मापून बघायला ट्रॅक्टर इथं हवा.

ट्रॅक्टर घरी होता. किल्ली इलाहीच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात होती. त्यानं डावा हात पोटावरून आडवा नेला, सगळ्यांसमोर, सावकाश, किल्ली काढली, आणि ट्रॅक्टर आणायला बाहेर पडला.