इरमाबाईंचा कान

इरमाबाई रोज सकाळी पियानोसमोर बसल्या की आधी एकच पट्टी दाबायच्या आणि तो सूर पुरता विरेपर्यंत डोळे मिटून थांबायच्या. बोट पट्टीवरच, मान किंचित खाली. सूर संपला की मान वर यायची आणि मग वादन सुरू व्हायचं. बेळगावच्या कॅम्पात, हिंडलग्याच्या रस्त्याला त्यांचा बैठा बंगला होता. थंडीत त्या अंगणात नऊ वाजेपर्यंत धुकं रेंगाळायचं. खिडकीतून समोरचा फणससुद्धा दिसायचा नाही. त्या पांढऱ्या पसाऱ्यात एकटा सूर विरघळत जाताना मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पुढचं आठवत नाही म्हणून बाई थांबल्यात. मी तसं विचारलंही.

त्या म्हणाल्या, "पावनं घरला आलं तर जाताना दारापतुर पोचवाय नगं? सुराचंबी तसंच हाय."

पायघोळ झगा घातलेल्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा बांधलेल्या बाईंच्या तोंडून अशी भाषा ऐकून मी बघतच राहिलो. बाई मूळच्या गोव्याच्या. लिस्बनला शिकलेल्या. तरुणपणी मुंबई, पुणे, कलकत्ता इथल्या मोठमोठ्या सभागृहांत त्यांनी वाजवलं होतं. लग्न केलं नाही. भाऊ कॅम्पात डॉक्टर होता, त्याच्याकडे म्हणून आल्या आणि तो वारल्यावर इथेच राहिल्या. मराठी त्या शिकल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, पार्वताक्काकडून. पार्वताक्का कणकुंबीच्या रानातली, तीस वर्षं बाईंकडे होती. त्यामुळे बाईंचं इंग्रजी आणि पोर्तुगीज साहेबी, आणि मराठी मात्र थेट कणकुंबीचं.

माझं शहापुरात पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. बाजाच्या पेटीतला सूर मी झोपेतही लावला असता, पण पियानो कधी उघडून पाहिला नव्हता. बाईंचा पियानो सुरात लावायला पुण्याहून एक म्हातारे साहेब वर्षातून दोनदा यायचे. ते वारले तेव्हा बाईंनी मला बोलावणं धाडलं. मी हात जोडून सांगितलं की मला हे येत नाही. त्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, तासभर वाजवलं, आणि कुठे खटकलं ते सांग म्हणाल्या. मी सात जागा सांगितल्या. बाई म्हणाल्या, नऊ हायेत, पण सात लई झाल्या. साहेब तिथेच ठेवून गेलेली तारा ताणायची किल्ली आणि तारांमध्ये घालायच्या बनातीच्या पट्ट्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. तिथून पुढे अकरा वर्षं मी त्या घरी जात राहिलो.

किल्ली फिरवताना मी घाई केली की त्या मागून म्हणायच्या, "सूर पळून जात न्हाय रं दत्ता. आपनच पळतो." त्यांच्या वादनातलं व्याकरण मला कधी कळलं नाही. पण एका जुन्या जर्मन रचनाकाराचे सहा सोनाटे, म्हणजे पियानोच्या लांबलचक रचना, त्या सतत वाजवायच्या, ते मला घरच्या वाटेसारखे पाठ झाले होते. कुठे चढ आहे, कुठे सावली आहे, कुठे अचानक मोकळं माळरान लागतं, ते मला ऐकताना दिसायचं. बाईंना मी एकदा हे सांगितलं, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या की मलाही तसंच दिसतं, फक्त माझ्या माळावर बर्फ असतो.

चारपाच वर्षांनी एका सकाळी मला जे कळलं ते कळलं नसतं तर बरं, असं तेव्हा वाटलं. मी पियानो लावून उठलो होतो. बाईंनी नेहमीप्रमाणे एक पट्टी दाबली. त्या दिवशी वरच्या सप्तकातली. सूर अजून चालू होता. मला स्वच्छ ऐकू येत होता. आणि बाईंनी मान वर केली.

मला चेहरा लपवता आला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तीच पट्टी दाबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांवरून त्यांनी ओळखलं की सूर अजून संपलेला नाही. मग त्यांनी पार्वताक्काला चहा टाकायला सांगितलं आणि मला बसवून घेतलं. मुंबईच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं. आधी वरचे सूर जातील, मग हळूहळू सगळंच. औषध नाही. हे पार्वताक्काशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर बाईंनी एकच ध्यास घेतला: सहाही सोनाटे तबकड्यांवर उतरवायचे. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, अप्पासाहेब, यांची मुलगी बाईंकडे शिकायची. खर्चाचा सगळा भार अप्पासाहेबांनी आनंदाने उचलला आणि मुंबईहून रुस्तमजी नावाचे रेकॉर्डिंगवाले गृहस्थ यंत्रांच्या पेट्या घेऊन आले. दिवाणखान्यात मायक्रोफोन उभा राहिला, शेजारच्या खोलीत यंत्र. त्यांच्या मेणाच्या तबकड्या भाकरीपेक्षा जाड, दुधाळ रंगाच्या. थंडीने कडक होऊ नयेत म्हणून ऊब दिलेल्या कपाटात ठेवलेल्या. एका तबकडीवर जेमतेम चार मिनिटं मावायची. एवढे लांब सोनाटे चारचार मिनिटांचे तुकडे करून वाजवायचे होते. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की मेणावर उमटलेलं लगेच ऐकता येत नव्हतं. सुई फिरवली तर मेण खरवडलं जाऊन सगळं पुसलं जायचं. पक्क्या तबकड्या होऊन येईपर्यंत विश्वासावर राहायचं.

पहिल्या सकाळी बाईंनी मला पियानोच्या पलीकडे, जिथून त्यांना माझा चेहरा दिसेल अशा जागी बसवलं. म्हणाल्या, "मला जे ऐकू येत न्हाय ते तू ऐकायचं. खटकलं की हात वर कर. तू माझा कान."

ते पंधरा दिवस अजून मला धुक्यातून दिसतात. पहाटे कॅम्पातलं बिगुल वाजून गेलं की टांगे सुरू होण्याआधी काम चालायचं. यंत्र सुरू झाल्याची खूण म्हणून लाल दिवा लागायचा आणि सगळं घर श्वास धरून बसायचं. पार्वताक्का कोंबड्या दूरच्या खोपीत कोंडून यायची. चार मिनिटं संपली की ती गरम पाण्याचं भांडं आणायची आणि बाई उजवा हात मनगटापर्यंत त्यात बुडवून बसायच्या. तो हात तेव्हा दुखायला लागला होता. मी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा वादन थांबलं, मी तार लावली, रुस्तमजींनी नवं मेण घेतलं.

चौथ्या सोनाट्यात एक संथ भाग आहे. त्याच्या शेवटी सूर एकेक पायरी वर चढत जातात आणि अगदी वर जाऊन थांबतात. बाईंनी तो तीनदा वाजवला. तिन्ही वेळा हाताने दगा दिला. चौथ्या वेळी बोटं सुजलेली होती. पण त्या वेळी जे वाजलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. खोलीतला उजेडसुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. आणि शेवटच्या त्या वरच्या सुराच्या तीन तारांपैकी एक किंचित उतरली; पियानोत वरच्या एकेका सुराला तीन तारा असतात. दोनदा वाजला तो सूर, आणि दोन्ही वेळा तार कापरी बोलली.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी हात वर केला नाही.

रुस्तमजींचं लक्ष सुईवर होतं, त्यांना कळलं नाही. दिवा विझला. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखण्याचं की समाधानाचं कोण जाणे. पुन्हा वाजवा असं त्या हाताला मी सांगू शकलो नाही. मी स्वतःला समजावलं की एवढंसं कुणाला कळणार आहे. ती तार त्या सकाळी मीच लावली होती, हेही खरंच.

तबकड्या यायला दहा महिने गेले. तोवर बाईंच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलावं लागे. अठरा तबकड्यांची पेटी निपाणीहून अप्पासाहेब स्वतः घेऊन आले, ग्रामोफोन लागला, चर्चचे पाद्री आले, कॅम्पातल्या मडमा आल्या. बाईंना त्यातलं काहीच धड ऐकू येत नव्हतं. लांबवर गिरणी चालल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. पाहुणे एकामागून एक येऊन त्यांचा हात हाती घेत आणि अप्रतिम झालंय म्हणून सांगत. बाई सगळ्यांकडे बघून हसत होत्या. ते हसू मला बघवेना. मी मागच्या दाराने निघून आलो.

आठवडाभर दुकानात लक्ष लागलं नाही. मग एका सकाळी गेलो. बाई व्हरांड्यात एकट्याच होत्या. मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसलो आणि कानाशी जाऊन सांगितलं, "बाई, चौथ्या सोनाट्यात, संथ भागाच्या शेवटी, वरची तार उतरलीया. मला तवाच कळलंतं. मी हात वर केला न्हाय."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या मला जायला सांगतील. त्यांनी विचारलं, दुसरं कुठं? मी म्हणालो, कुठेही नाही. सगळ्या तबकड्या ऐकल्यास? मी म्हणालो, अप्पासाहेबांनी स्वतःसाठी एक संच ठेवलाय, तो निपाणीला जाऊन दोनदा ऐकला.

"हितं आठ दिस समदी छान छान म्हनत्यात," बाई म्हणाल्या. "मला त्यातलं एकबी खरं वाटंना. खोट दावणारं कुणी भेटलं न्हाय, तर चांगलं खरं कसं मानू? आज तू खोट सांगितलीस. आता बाकीचं बरं झालंय, ह्यावर माझा भरोसा बसला."

राग त्यांना आला असेलच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून त्या उतरलेल्या तारेपाशी उभं केलं आणि ती तार मला तासभर लावायला लावली. पण त्या विषयावर पुन्हा शब्द काढला नाही.

पुढे ऐकू येणं पुरतं बंद झालं, तरी बाई वाजवत राहिल्या. दर रविवारी मी जायचो. एक पाटी घेतली होती. बाई एखादा सोनाटा वाजवायच्या, माझ्याकडे वळायच्या, आणि मी पाटीवर लिहायचो: इथे घाई झाली, डावा हात जड पडला, ही तार उतरली. त्या वाचायच्या, मान हलवायच्या आणि तेवढाच भाग पुन्हा वाजवायच्या. गोड लिहिलं की त्या पाटी परत द्यायच्या. बोटं आता वाकडी झाली होती, त्यामुळे लिहायला पुष्कळ असायचं. युद्ध आलं, कॅम्प शिपायांनी भरला, पार्वताक्का थकून कणकुंबीला गेली आणि तिच्या जागी तिची भाची आली. आमचे रविवार चालू राहिले.

शेवटच्या थंडीत, एका धुकट सकाळी, बाईंनी सहावा सोनाटा धरला. फार संथ वाजवला. एवढा संथ की त्या आजारी बोटांना प्रत्येक सुरापर्यंत चालत जायला वेळ मिळावा. मी खडू हातात घेऊन ऐकत होतो. ऐकता ऐकता कधीतरी खडू खाली ठेवला असावा, कारण त्या वळल्या तेव्हा तो मला शोधावा लागला. मी लिहिलं, "आज काही नाही."

बाईंनी वाचलं. पाटी परत दिली नाही, मांडीवर ठेवून घेतली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "व्हय?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि पार्वताक्काच्या भाचीला हाक मारून दोघांसाठी चहा सांगितला. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्या अंथरुणात होत्या, आणि त्यानंतरच्या रविवारी नव्हत्या.